हत्याराचा विसावा

तुर्भ्याच्या प्रयोगशाळेच्या दारातच खुर्शीद थबकली. चौरंगावर पाने-पक्कडी मांडलेल्या, ड्रिलला झेंडूची माळ, सगळ्यांना हळदकुंकू. सत्त्याण्णव सालची खंडेनवमी. पण तिचा जीव अडकला होता त्या मुठीएवढ्या पोलादी डबीत, आणि ती डबी चौरंगावर उघडी पडली होती. चारही स्क्रू सुटे, पुसून लखलखीत.

"आप्पा, हे कुणी सोडलं?"

"मीच की." आप्पा तिथले जुने फिटर, साताऱ्याकडचे. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "नवमीला हत्याराला ताण द्याचा न्हाय, मॅडम. दीड महिना आवळलेलं बिचारं. सकाळधरनं एकेक स्क्रू हळूहळू सोडला. हिऱ्याला चरासुदीक न्हाय."

त्या डबीतल्या दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये एक कण होता, नुसत्या डोळ्याला न दिसणारा. जमिनीखाली सातशे किलोमीटरवर असतो तेवढा दाब दीड महिना चढवत, लेसरनं भाजून, काल संध्याकाळी कुठे त्यानं तिथलं रूप घेतलं होतं. ते रूप दाबाखालीच टिकतं; दाब गेला की मोडतं आणि नुसती काच उरते. आज त्याचा एक्स-रे फोटो घ्यायचा होता. प्रबंधाचं तेवढंच एक पान कोरं होतं आणि फेलोशिप महिनाअखेर संपत होती. घ्या आता!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दोन वर्षं घातलीत मी यात, आप्पा! मला विचारायचं तरी!"

आप्पांचा चेहरा उतरला. "चुकलं. पुन्यांदा आवळू, मॅडम."

"दीड महिना कुठून आणू?"

आप्पांनी झेंडूची एक पाकळी चुरगाळली. मग म्हणाले, "इचारलं आस्तं. पर आत काय हाय, ते तुमी कवा सांगितलंच न्हाय. नुसतं म्हनायच्या, आप्पा, पाव फेरा आवळा. मी आवळायचो."

ते खरं होतं, आणि म्हणूनच खुर्शीद आणखी चिडली. तिनं खालचा हिरा उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, भिंग जुळवलं आणि बाजूला सरकली.

"बघा."

आप्पांनी हात पँटला पुसले. एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"बारकी काच दिसतीया."

"काल संध्याकाळी नव्हती," खुर्शीद म्हणाली.