कोरडं तोंड

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी नर्स धनलक्ष्मीनं दोन गोळ्यांची पूड अनिरुद्धरावांच्या जिभेखाली टाकली आणि घड्याळाकडं बघितलं. नशेच्या इंजेक्शनची सवय सुटावी म्हणून दिलेलं हे औषध रोज इथं केंद्रावरच, तिच्या डोळ्यांसमोर घ्यायचं. दहा मिनिटं बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही.

तिसऱ्या मिनिटाला धाकटा भाऊ विश्वेश आत आला. हातात स्कूटरची किल्ली.

"अण्णा, हे काय? गोळी दुपारी घ्यायची ठरली होती ना, श्राद्ध झाल्यावर?"

अनिरुद्धरावांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"केंद्र दहाला बंद होतं," धनलक्ष्मी तमिळमध्ये म्हणाली.

विश्वेशही तमिळवर आला. "आज आमच्या अप्पांचं श्राद्ध आहे. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत करणाऱ्याच्या तोंडात पाण्याचा थेंब जाऊ नये." त्यानं कोपऱ्यातल्या बेसिनकडं बोट दाखवलं. "थुंक, अण्णा."

"थुंकले तर आज दुसरी मिळणार नाही," धनलक्ष्मी म्हणाली. " आणि कोरडं तोंड गेल्या वर्षी होतंच की."

गेल्या वर्षी अनिरुद्धराव हातातला पिंड खाली ठेवून उठले होते. दोन मिनिटांत येतो म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी कुंभकोणमच्या बस स्टँडवर सापडले. उरलेलं श्राद्ध विश्वेशनं केलं. आईनं तेव्हापासून अनिरुद्धरावांशी बोलणं टाकलं होतं. काल बोलली. "उद्या तूच बस," एवढंच.

"आई दारातच विचारेल, तोंड कोरडं आहे ना म्हणून. काय सांगू तिला? अप्पांना काय सांगू?"

"तुमचे अप्पा काय जीभ उचलून बघणार आहेत?" धनलक्ष्मी म्हणाली. "ते माझं काम."

जिभेखाली कडवट चिखल झाला होता. अनिरुद्धरावांना राग आला नाही, लाजही वाटली नाही. थुंकी साठत होती, तेवढं कळत होतं.

"मी बसू, की तू येतोस? एवढंच सांग."

विश्वेश बाहेर गेला.

आठ वीसला धनलक्ष्मीनं टॉर्च मारून बघितलं. जिभेखाली काही उरलं नव्हतं. "झालं, सार. आता बोला."

बाहेर स्कूटर सुरू झाली. अनिरुद्धराव तोंड तसंच उघडं ठेवून ऐकत राहिले.

साडेआठला इंजिन चालूच होतं. स्कूटर हलली नव्हती.