घड्याळ बाहेर ठेवा

"ध्रुवाजवळचा समुद्र, चार हजार मीटर खालचं पाणी, आणि आकडे म्हणतात ते कालपरवा वर होतं!" तरुण संशोधिकेने कागद टेबलावर आपटला. "काका, कोणीतरी घड्याळ घालून आत आलंय."

प्रयोगशाळेतले सर्वांत जुने मदतनीस काका हातातली बाटली धरून तसेच उभे राहिले.

जुन्या अणुचाचण्यांमधला किरणोत्सारी ट्रिटियम पावसाबरोबर समुद्रात उतरला होता. ज्या पाण्यात तो सापडतो, ते अलीकडेच वर होतं. ज्यात नाही, ते खालचं म्हातारं. समुद्रात खोलवर पाणी कसं फिरतं, हे त्यावरून कळायचं. पण अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळांच्या काट्यांतही तोच असतो. असलं एक घड्याळ खोलीत आलं की तो हवेत झिरपतो, आणि झालं, सगळ्या बाटल्यांचं वाटोळं! म्हणून दारावर काकांच्याच अक्षरात पाटी होती. एकदा तर त्यांनी खुद्द संचालकांना दारातून पिटाळलं होतं, वर चार शब्द सुनावले होते ते वेगळेच.

काकांनी बाटली खाली ठेवली. हातमोजा काढून बाही वर केली. मनगटावर हिरवट काट्यांचं घड्याळ होतं, त्याला कॉलेजातली पोरं लावतात तसा भडक निळा पट्टा.

"तुम्ही?" तिचा आवाज चिरकला. "अहो, कुंपणानंच शेत खाल्लं की! माझी तीन वर्षं मातीत गेली, काका. बोट पुन्हा कधी जाणार तिकडे? कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय, ताई. रोज सकाळी ठरवायचो, आज घरी काढून ठेवायचं. हात धजावायचाच नाही."

"कधीपासून घालताय?" तिने रजिस्टर ओढलं. "त्याआधी उघडलेल्या बाटल्या तरी वाचतील."

"नऊ तारखेपासून." काकांना आठवावं लागलं नाही.

तिचं बोट रकान्यावरून खाली सरकलं. नऊ ते बारा, काका रजेवर. "तेव्हा तर तुम्ही भाचीच्या लग्नाला गेला होतात."

"लग्न नव्हतं." काका स्टुलावर बसले. "पोरगा गेला माझा. मोटारसायकलचा अपघात झाला. हॉस्पिटलमध्ये हे घड्याळ माझ्या हातात ठेवलं. चालूच होतं, ताई."

"अहो, आणि आम्ही रोज विचारतोय, मुलगा काय म्हणतो, अभ्यास कसा चाललाय... आणि तुम्ही हसून उत्तरं देताय!"

"मग काय करू? घरी त्याचं नाव काढलं की त्याची आई उठून आत जाते. इथे रोज कोणी ना कोणी विचारतं. विचारलं की तेवढ्यापुरतं वाटतं, आहे तो." त्यांनी डोळे पुसले. "तुमचं फार नुकसान केलं मी. राजीनामा देतो. फक्त कारण सांगू नका कोणाला. एवढं करा."

इतक्यात स्टोअर सांभाळणारे भाऊ दारातून डोकावले. "काय काका, चिरंजीव काय म्हणतायत? सुट्टीत येणार ना घरी?"

काकांनी बाही खाली ओढली.

"येणार म्हणे," रजिस्टरमधून मान वर न करता ती म्हणाली. "आत्ताच सांगत होते."