कणकेचा बाँब

नामांतराच्या मोर्च्याच्या आदल्या दिवशी सोनपेठजवळच्या आमच्या बौद्धवाड्यात पोलीस शिरले. जगभरच्या फौजांचा प्लॅस्टिक बाँब मळलेल्या कणकेसारखा दिसतो, असं जमादार दिनकररावानं पेपरात वाचलं होतं. कडूबाईची परात दिसताच त्यानं तिच्या पोराची, सुग्रीवची मानगूट धरली.

"कशाचा गोळा हाय हा? खरं सांग, न्हाई तर याला आत टाकतो."

"कणीक हाय, सायब."

तिनं पोळी लाटून तव्यावर टाकली. पोळी टम्म फुगली, तसे सगळे पोलीस जमिनीवर आडवे झाले.

"आता खाऊन बघा, म्हंजी खात्री पटल."

"माझा उपास हाय," दिनकरराव कपडे झटकत म्हणाला. जाताना त्यानं सुग्रीवला सोडलं, पण दारातली कोंबडी पुरावा म्हणून जीपमध्ये घातली.

कडूबाई म्हणाली, "ही चालती व्हय उपासाला?"