बोलण्याआधीचा थांबा

आप्पा बाथरूममधून बाहेर यायच्या आत शाल्मलीला ती सेटिंग सापडायला हवी होती. तिने डोळे मिटले. डोक्यात बसवलेल्या चिपच्या पडद्यावर विचारांच्या खिडक्या एकावर एक उघड्या होत्या आणि सगळ्यांत वर आप्पांचा रिपोर्ट होता. कितीदा मागे ढकलला तरी तो पुन्हा वर येत होता.

जी खिडकी वर असेल, तिच्यातलंच तोंडातून बाहेर पडायचं. मात्र त्याआधी अर्ध्या सेकंदाचा थांबा असायचा, तेवढ्यात खिडकी बदलता यायची. कॉल सेंटरमध्ये उत्तरं झटपट जावीत म्हणून तिनेच छुप्या सेटिंगमध्ये शिरून तो थांबा काढून टाकला होता. आता नव्या अपडेटनंतर ती सेटिंग कुठे गेली होती, कोण जाणे.

कडी वाजली. आप्पा टॉवेलने तोंड पुसत समोर येऊन बसले.

"काय म्हणाले गं डॉक्टर? होईन ना बरा?"

शाल्मलीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं.

आप्पा तिच्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी टॉवेलची नीट घडी घातली.

"राहू दे," ते म्हणाले. "हात काढ बघू. श्वास घे आधी."