दोना एरोंदिनाचा हात

दोना एरोंदिना, म्हणजे एरोंदिनाबाई, बाही वर करायला तयार नव्हती.

“मिनिटभराचं काम आहे,” डॉक्टर लुसिमारा मोजपट्टी घेऊन समोर बसली होती. “परवा टोचलं, आज बघायचं. एवढंच.”

“त्यात बघायचं काय? कोरा करकरीत हात आहे माझा. तसं लिहून टाका.”

दवाखान्याच्या ओसरीवर अर्धं गाव रांगेत उभं होतं, आणि सगळ्यांचे कान टवकारलेले. एरवी बिनबाह्यांच्या झग्यात फिरणारी ही बाई आज मनगटापर्यंत झाकून आली होती. तिच्या शेजारी तिची मुलगी जुसिलेनी नखं खात उभी होती. तिचं लग्न त्या बाहीखाली अडकलं होतं.

त्याचं असं झालं होतं. नदीपलीकडे कोकोच्या बागा आहेत. तिथल्या ओल्या सावलीत वाळूमाशी राहते. ती चावली की एक सूक्ष्म परजीवी अंगात शिरतो, आणि मग कातडीवर फोड उठतो तो महिनोन्‌महिने हटत नाही. बागवाल्या जेनिवाल्दोच्या पोटरीवर त्याच फोडाचा वण होता, आणि जुसिलेनीला त्याच्याशीच लग्न करून त्याच्याच बागेत राहायला जायचं होतं. तिने लग्नं जुळवणाऱ्या संत आंतोनियोची मूर्ती उलटी टांगून ठेवली होती. लग्न जमेपर्यंत त्याची सुटका नव्हती. आई रोज सकाळी त्याला सुलटा करी, मुलगी रोज संध्याकाळी उलटा. बिचाऱ्या संताला घेरी आली असेल.

“तिकडे माणसं नाही, माश्या राहतात,” एरोंदिना म्हणायची. “मी जन्मात नदी ओलांडली नाही. म्हणून कातडी बघ कशी आहे माझी! एक डाग दाखव.”

अशात शहरातून डॉक्टर लुसिमारा आली. कुणाच्या शरीराला हा परजीवी ठाऊक आहे, हे तिला बघायचं होतं. मेलेले परजीवी हातात टोचायचे. ओळख असेल तर तिथे टणक गाठ येते, नसेल तर काही होत नाही. पलीकडची माणसं तिला मिळाली होती, आता तुलनेसाठी कधीच नदी न ओलांडलेली हवी होती. त्या रांगेत पहिला नंबर अर्थातच एरोंदिनाचा लागला. टोचून घेता घेता तिने सगळ्यांसमोर मुलीला सुनावलं, “माझा हात फुगला ना, तर खुशाल जा त्या बागेत. लग्नाचा झगा मी शिवीन! आणि नाही फुगला, तर त्या वणवाल्याचं नाव घरात काढायचं नाही.”

“कबूल!” जुसिलेनी रागाच्या भरात म्हणाली, आणि तेव्हापासून स्वतःलाच शिव्या घालत होती. आईचा हात कसा फुगणार?

“दोना एरोंदिना, आत सोनं लपवलंय का?” रांगेतून ओतासिलियो न्हावी ओरडला. “आम्हालाही घरं आहेत!”

लोक हसले. एरोंदिनाला राग आला आणि तिने फटकन बाही वर ओढली.

हातावर फणसाच्या आठळीएवढी लालबुंद गाठ होती.

“डास चावला,” एरोंदिना म्हणाली.

“डासाने अशी गाठ येत नाही.” डॉक्टरने पेनने गाठीभोवती गोल काढला. “तुमच्या पेशींना हा परजीवी चांगला ठाऊक आहे.”

“अहो, पण मला फोड कधी आलाच नाही! मग खूण कशी राहील?”

“हा परजीवी लबाड असतो. आपल्या पेशी त्याला गिळतात, तर तो गिळणाऱ्या पेशीच्या पोटातच संसार थाटतो. मग दुसऱ्या पेशी येऊन तिला सांगतात, बाई, तुझ्या घरात चोर आहे, जाळ त्याला. काहींच्या पेशी एवढा धिंगाणा घालतात की चोराबरोबर घरही जळतं. त्याचाच फोड होतो. तुमच्या पेशींनी गुपचूप काम उरकलं, कुणाला पत्ता लागू दिला नाही. पण त्या विसरत नाहीत. वर्षांनी नुसता त्याचा वास आला, तरी गोळा होतात.”

“माशी इकडे आली असेल उडत.”

“ती घरकोंबडी आहे, दोना एरोंदिना. तिला नदी ओलांडता येत नाही. कुणालातरी नदी ओलांडून तिच्याकडे जावं लागतं.”

ओसरीवरच्या सगळ्या माना एरोंदिनाकडे वळल्या. जुसिलेनी आईच्या हाताकडे बघत राहिली. आनंदाने तिला रडू फुटत होतं, पण मध्येच तिच्या कपाळावर आठी चढली.

“आई,” ती हळूच म्हणाली, “बाबा तर होडीला घाबरायचे. जन्मात बसले नाहीत.”

एरोंदिनाने बाही खाली केली आणि बटण लावलं. मग तिची नजर नदीपलीकडे गेली, आणि तोंडावर असं काही हसू आलं की पोरीला आपली आई क्षणभर अनोळखी वाटली.

“झगा शिवीन. बोलले ते बोलले,” ती म्हणाली. मग मुलीच्या कानाशी वाकली. “आणि हे बघ, ओढ्याकाठच्या सपाट दगडावर बसू नका. जागा छान आहे, पण ऊन कललं की माश्या तोडून खातात. वर टेकाडावर जा, तिथे वारा असतो. आम्हाला ते फार उशिरा कळलं.”