गाडी खोललीय

बायको गेली त्या दुपारी आमची गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजात होती. जुन्या एसयूव्हीला नव्या मॉडेलचं तोंड बसवायची हौस माझीच. "म्हातारीला कितीही नटवा, वय लपतं का?" म्हणून बायको हसलीही होती.

तिच्या छातीत कळ आली तसा मी मेकॅनिकला फोन लावला. "गाडी मिळेल का रे आत्ता?"

"काका, खोललीय."

खोललीय म्हणजे इंजिनच बाहेर, असं समजून मी फोन ठेवला आणि अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत बसलो. अ‍ॅम्ब्युलन्सला यायला फार उशीर झाला.

पुढे गाडी आणायला गेलो. नवी ग्रिल, नवे हेडलाइट, नवा बंपर, सगळं झकास बसलं होतं. मेकॅनिक मात्र मान वर करीना. "काका, कशाला हवी ते बोलायचंत तरी! नुसतं तोंड काढलं होतं. इंजिनाला हातही लावला नव्हता. तशीच पळाली असती."

घरी लेक दारातच उभी होती. गाडीकडे बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी काय करणार होतात? गाडीच बंद होती."

तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.