जहाजावरच्या चार खाटा

“मी वर चढनार नाय म्हंजे नाय!” रंभाबाईंनी फरशीवरच्या खडूच्या चौकोनात बसकण मारली. “गुडघे काय भाड्यानं आणलेत का माझे?”

अर्चनानं कपाळाला हात लावला. ती सकाळीच नाईट करून आली होती, झोपेनं डोळे चुरचुरत होते, आणि सासूबाईंनी खालची खाट बळकावूनही टाकली. जहाज अजून धक्क्यालासुद्धा लागलेलं नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ते हेच!

तारापूर एमआयडीसीतल्या औषध कंपनीत पंधरा वर्षं एकही खाडा न करता पॅकिंग केल्याबद्दल अर्चनाला हे बक्षीस मिळालं होतं. मुंबईहून सुटणारं जहाज, तीन रात्री, कुटुंबासाठी एक केबिन. खाली दोन खाटा आणि त्यांच्या वर भिंतीतून उघडणाऱ्या दोन. फोटोवरून कुणाला काही उमगेना, म्हणून तिनं बोईसरच्या घरात हॉलभर खडूनं केबिन आखून दाखवली. तिथंच चुकलं.

“मला खिडकीजवळची,” नणंद हेमाली म्हणाली. “रील काढायच्यात.”

“खिडकी खाली आहे गं.”

“मग मी खाली.”

“आन माझ्या पोराला वर टाकतेस व्हय? झोपेत पडंल त्यो!” रंभाबाई कडाडल्या.

त्यांचा पोर, म्हणजे अर्चनाचा नवरा कैलास, मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, “मला कुठंही चालेल. फक्त एसीखाली नको, बाथरूमजवळ नको, आणि आईच्या वर नको.”

सासरे झुंबरराव दारात खुर्ची टाकून बसले होते. “मी येतच नाय. समुद्र बघाया मुंबईला कशाला? आपल्या चिंचणीला हाय की.”

चार दिवस हेच चाललं. अर्चना नाईटहून येऊन डोळा मिटायची, की कुणीतरी उशाशी हजर. खाटेची गादी मऊ असते का? वरून पडलं तर कंपनी भरून देते का? पाचव्या दिवशी झुंबरराव म्हणाले, “जेवायला चोवीस तास असतंय म्हनं जहाजावर. मी बी येतो.”

“अहो बाबा, आता?”

“येऊ दे की,” रंभाबाई म्हणाल्या. “आपल्या घरात तरी कुठं चाराच्या वर खाटा हायेत? कदी अडलं का?”

अडलं नव्हतं, हे खरं. या घरात कुणी ना कुणी कायम शिफ्टला. पहाटे कैलास उठून फर्स्टला जायचा, सातला अर्चना नाईटहून येऊन त्याच्याच उबदार गादीवर पडायची. घरात खाटा मोजायची वेळ कधी आलीच नव्हती.

अर्चना फरशीवर वाकली. मग तिनं खडू उचलून चारी चौकोनांत नावं लिहिली. खाली आई आणि बाबा. वर कैलास आणि हेमाली.

“आता एक शब्द नको.”

आणि काय आश्चर्य, कुणी एक शब्द बोललं नाही. सगळ्यांची सोय झाली होती. दुपारी कंपनीतून तिकिटं काढणाऱ्या ललितचा फोन आला तेव्हा तिनं ओट्यापाशी उभं राहून नावं सांगून टाकली.

तिचं मागणं एकच होतं. जहाज संध्याकाळी सुटणार, मग सकाळी मुंबई बघायची. मुंबई तिनं पाहिली होती ती सासूबाईंच्या गुडघ्याच्या डॉक्टरांपुरती. तिनं यादी केली होती: राणीची बाग, वस्तुसंग्रहालय, मुंबादेवी, गेटवे. यादी घडी करून पर्समध्ये ठेवली होती आणि अधूनमधून उघडून बघत होती.

निघायच्या दिवशी पहाटेच भाड्याची गाडी केली. चार मोठ्या बॅगा मागे गेल्या. अर्चनाची लहान होती, ती तिनं मांडीवर घेतली.

राणीच्या बागेसमोर रंभाबाई गाडीतून उतरेनात. “जनावरं बघायला एवढं चालू व्हय?” वस्तुसंग्रहालयापाशी झुंबरराव म्हणाले, “जुनी भांडीच ना? माळ्यावर पडलीत आपल्या.” मुंबादेवीची रांग बघून हेमालीला चक्कर आली, ती मॉलच्या गारव्यात गेल्यावर उतरली. तिथं कैलासला चार्जर आणायची आठवण झाली. पाच दुकानं झाली. एक वाजला.

“आता गेटवे तरी?” अर्चनानं विचारलं.

“अगं, जहाजावरून दिसेलच की सगळं,” कैलास म्हणाला. “तुझं आपलं काहीतरीच!”

तिला रडू आलं, चक्क रागाचं रडू. एवढं साधं मागणं, तेही पंधरा वर्षांत एकदा! तिनं डोळे पुसले, यादी पर्समध्ये ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणाली, “बंदरावर चला.”

टर्मिनलवर तिनंच सगळ्यांची कागदपत्रं काउंटरवर दिली, रंभाबाईंच्या गोळ्या कैलासच्या खिशात कोंबल्या, कुठली गोळी कधी ते दोनदा घोकून घेतलं. बॅगा आत गेल्या. मागोमाग सगळे आत गेले. काचेच्या दारापलीकडून रंभाबाईंनी हात केला.

“अर्चे, चल की! उभी काय राहिलीस?”

“खाटा चारच आहेत, आई.”

रंभाबाईंनी बोटं मोजली. परत मोजली. कैलासनं मोबाइलमधून मान वर काढली.

“म्हणजे? तुला नाईट लागली का?”

“नाही,” अर्चना म्हणाली. “रजा आहे.”

बाहेर येऊन तिनं टॅक्सीला हात केला आणि पर्समधली यादी ड्रायव्हरपुढे धरली. “ही चार ठिकाणं. पण घाई नाही, तीन दिवस आहेत. आधी हॉटेलवर घ्या. एका खाटेची खोली घेतलीय.”